उकुलेलेच्या पोटातली पाल

मी एक पाल. हे कुणाला सांगायचं नाही, असं मी कबूल केलं आहे. म्हणून हळूच बोलते. तुम्हीही कान जरा जवळ आणा.

सध्या मी एका उकुलेलेच्या पोटात राहते. उकुलेले म्हणजे हवाई बेटांवरचं चार तारांचं वाद्य, गिटारची धाकटी बहीणच. हिच्या तीनच तारा उरल्यात, त्यामुळे हिला कुणी वाजवत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारातल्या एका हवाईयन रेस्टॉरंटमध्ये, गल्ल्यामागच्या भिंतीवर ती शोभेसाठी टांगलेली आहे. तिच्या पोटाला एक गोल भोक आहे. तेवढीच माझी खिडकी. त्यातून मला सहा टेबलं, दरवाजा आणि दरवाज्याबाहेरच्या पार्किंगचा एक तुकडा दिसतो. त्यापलीकडचं जग मी पाहिलेलं नाही.

माझा जन्म इथलाच. पण मी इथली नाही, असंही म्हणता येईल.

या रेस्टॉरंटचे मालक केओनी आणि आसावरी. केओनी हवाईतल्या हिलो गावचा. आसावरी नागपूरची. ती शिकायला होनोलुलूला गेली आणि तिथल्या एका खाणावळीत रोज जेवता जेवता तिथल्या आचाऱ्याशी लग्न करून बसली, असं तीच सांगते. पुढे तिला इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. तिच्यामागून केओनी आला आणि त्यानं हे रेस्टॉरंट काढलं. केओनीची आई अजून हिलोलाच असते. तिकडे आजीला टूटू म्हणतात. टूटू दर महिन्याला अंगणातली टी नावाच्या झाडाची लांब, चकचकीत पानं खोक्यात भरून पाठवते. अळूच्या पानात मांस बांधायचं, ते टीच्या पानात गुंडाळायचं आणि उकडायचं, की लाऊलाऊ तयार. अशाच एका खोक्याच्या तळाला, पुठ्ठ्याच्या घडीत, माझं अंडं चिकटून आलं.

पानं वापरली गेली. खोका भाताच्या कुकरमागे पडून राहिला. तो कुकर दिवसभर गरम असतो. त्या उबेत मी कवच फोडून बाहेर आले. ते २००४ साल होतं. समोर समुद्र नव्हता, झाड नव्हतं. तांदळाची पोती होती आणि सोया सॉसचे डबे होते.

हिलो मला कळलं ते केओनीच्या तोंडून. गिऱ्हाइकांना वाढता वाढता तो टेबलापाशी थांबतो आणि सांगू लागतो. "लहानपणी आम्ही सगळी भावंडं पहाटे मासळीबाजारात जायचो. डॅडींच्या हातात टोपली, माझ्या हातात बर्फ. बर्फ वितळायच्या आत घरी पोचायची शर्यत!" ऐकणारे हसतात आणि आणखी एक प्लेट मागवतात. मी भिंतीवरून सगळं ऐकायचे. न पाहिलेल्या गावाची मला आठवण यायची. असं होतं का कधी तुम्हाला?

एकदा मी निघाले होते. डिसेंबरची सकाळ होती. दरवाजा उघडा दिसला, तशी मी चौकटीवरून बाहेर सरकले. पण काय ती थंडी! पाय जागच्या जागी आखडले. कशीबशी मागे वळते तोच दार लागलं आणि माझी शेपटी बाहेर राहिली. नवी शेपटी फुटली, पण आखूड. तेव्हापासून मला ठाऊक आहे, की मला इथे कुणी कोंडलेलं नाही, आणि तरी मला बाहेर जाता येत नाही.

असंच आणखी कुणाचं तरी होतं, हे मला पुढे कळलं.

केओनी आणि आसावरीची मुलगी प्रीता. चौदा वर्षांची, अबोल. शाळेतून आली की शेवटच्या टेबलावर गृहपाठ करते. रेस्टॉरंटमध्ये येणाऱ्या सीमाकाकू म्हणजे तिच्या अगदी उलट. त्या मराठी मंडळाच्या, दर वेळी नवे पाहुणे घेऊन येतात. इथे प्रत्येक प्लेटमध्ये भाताचे दोन गोल गोळे वाढतात. ते पाहून त्या दर वेळी म्हणतात, "अय्या, ही तर मूद! वरण कुठाय गं, आसावरी?" नारळाच्या दुधाचा हाऊपिया आला की पाहुण्यांना सांगतात, "खरवसच समजा." आणि मॅकरोनी सॅलड अर्धं संपवल्यावर विचारतात, "यात अंडं नाही ना?"

"मेयोनीज आहे, सीमाताई."

"ते चालतं. अंडं नको."

मग त्यांचं लक्ष प्रीताकडे जातं. "काय गं, किती लाजतेस! आमची हिमानी बघ, मंडळात स्टेजवर लावणी करते. तू तर अर्धी हवाईयन!"

प्रीता मान खाली घालून वहीत बघते.

पण शुक्रवारी तिला मान वर करावी लागते. शुक्रवारी संध्याकाळी इथे हवाईचा हुला नाच असतो आणि तो प्रीता करते. हिरवा प्लॅस्टिकचा घागरा, गळ्यात कापडी फुलांची माळ, सीडीवर एक विनोदी गाणं. केओनीही त्या दिवशी मोठाल्या फुलांचा शर्ट घालतो. "हिलोत असला शर्ट मी जन्मात घातला नव्हता," असं एकदा तो भांडी घासताना आसावरीला म्हणाला होता. "पण लोकांना हेच हवाई माहीत आहे." नाच सुरू झाला की लोक शिट्ट्या मारतात, कुणी उठून शेजारी उभं राहतं, कंबर हलवून दाखवतं आणि फोटो काढून घेतं.

नाचताना प्रीता लोकांकडे बघत नाही. समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, एका जागी नजर लावून ठेवते. एका शुक्रवारी त्या जागी मी होते.

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. तिचे हात चालू होते, पण ती तिथे नव्हती. ती माझ्यासारखी भिंतीला चिकटून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला कोठीच्या खोलीत पाहिलं. तांदळाच्या पोत्यांमध्ये जेमतेम जागा होती. अंगात शाळेचाच टी-शर्ट, गाणंबिणं काही नाही. तिनं हात उचलले, ते पाण्यावरून फिरवल्यासारखे सावकाश फिरवले आणि मग जवळ ओढून घेतले. हा वेगळाच नाच होता. संपल्यावर ती माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "हा टूटूनं शिकवला. टूटू म्हणते, हुला म्हणजे सांगणं. ज्याला सांगायचं, त्याच्याकडे बघून करायचा." मग जरा वेळानं मराठीत म्हणाली, "शुक्रवारी मी कुणालाच काही सांगत नाही."

तोवर मी गप्पच राहत असे. पण पाल किती दिवस गप्प राहणार?

गेल्या महिन्यात आसावरी गल्ल्यापाशी उभी राहून नागपूरला फोनवर बोलत होती. "हो गं आई, पुढच्या वर्षी नक्की येतो. तिघंही." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, चुक चुक चुक.

आसावरीनं बोलता बोलताच गल्ल्यावर तीनदा बोटं वाजवली. "कृष्ण कृष्ण!" आणि पुढचं बोलू लागली. मग थांबली. हळूहळू मान वर केली.

"केओनीऽऽ! पाल!"

टेबलावरच्या लोकांच्या हातातले काटे तसेच राहिले. केओनी झारा घेऊन धावत आला आणि मला पाहून त्याचा चेहरा उजळला. "गेको! हनी, हे तर लक आहे. आमच्याकडे घरात गेको असला तर घर सुखी असतं. दारावर नाही का आपण लावलाय?"

"तो लाकडाचा आहे! हा भातात पडेल. उद्या तपासणीला माणूस आला तर रेस्टॉरंटला कुलूप लावील, मग दाखव त्याला तुझं लक."

दारावरची ती लाकडी पाल येणारी-जाणारी माणसं नशिबासाठी हात लावून चकचकीत करतात. खऱ्या पालीसाठी मात्र झाडू आला. मी ट्यूबलाइटच्या मागे शिरले.

"आई, तू बोटं का वाजवलीस?" प्रीतानं विचारलं.

आसावरीला हसू आलं. "अगं, सवय. आमच्याकडे कुणी काही बोललं आणि लगेच पाल चुकचुकली, की ते खरं असतं म्हणतात. मग असं ठकठक करायचं."

"म्हणजे पाल साक्षीदार?"

"तसंच काहीसं. पण मला माझ्या किचनमध्ये साक्षीदार नकोय."

दुसऱ्या दिवशी तिनं कुकरमागे चिकट कागद लावले. मला काय ठाऊक! उबेला म्हणून गेले आणि चारही पाय चिकटून बसले. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी रुतायचा. शेवटी पोटही टेकलं. माझ्याच जन्माची जागा, तीच ऊब, आणि मला हलता येत नव्हतं. मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडले असते तर कोण आलं असतं, तेही ठाऊक होतं.

आली प्रीता, शाळा सुटल्यावर. ती किंचाळली नाही. आईच्या पर्समधून खोबरेल तेलाची निळी बाटली घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून माझ्या एकेका बोटाखाली थेंब थेंब सोडू लागली. तेलानं गोंद सैल झाला, तसं ती दात कोरायच्या काडीनं एकेक बोट सोडवत गेली. "सॉरी, सॉरी," एवढंच म्हणत होती. पोटाची थोडी कातडी कागदावर राहिली. मग तिनं मला ओंजळीत घेतलं, खुर्चीवर चढली आणि या उकुलेलेच्या भोकातून आत सोडलं.

"इथे आई हात लावत नाही. पण एकही आवाज नाही हं. आईनं ऐकलं तर ती पुन्हा कागद लावील, आणि या वेळी मी शाळेत असेन."

मी कबूल केलं.

तेव्हापासून प्रीता रोज भिंतीला टेकून उभी राहते आणि लाकडावर बोटानं दोनदा वाजवते. ठक, ठक. मी भोकापाशी येते. ती माझ्याशी बोलते. परवा म्हणाली, "या शुक्रवारी सीमाकाकू अख्खं मंडळ आणतायत. हिमानी व्हिडिओ काढून नेटवर टाकणार आहे. मग शाळेत सगळे बघतील. मी किती वेळा ठरवलं, डॅडला सांगायचं. पण तोंडच उघडत नाही."

आज तो शुक्रवार आहे. सगळी टेबलं भरली आहेत. सीमाकाकूंची मूद सांगून झाली आहे. हिमानी कॅमेरा सरसावून पुढे बसली आहे.

केओनीनं सीडी लावायला हात पुढे केला आहे. आणि प्रीता आतून आली आहे, जीन्स आणि शाळेच्या टी-शर्टमध्ये. ती गल्ल्यामागे, माझ्या अगदी खाली उभी आहे.

"अगं, घागरा कुठाय?" आसावरी दबक्या आवाजात विचारते.

"डॅड, मी नाचणार नाही."

केओनी हसतो. "स्टेज फ्राइट? दोन मिनिटांत जाईल, बेबी."

"आजच्या दिवस कर ना, राजा," आसावरी म्हणते. "इतके लोक आलेत."

"तू दर शुक्रवारी 'आजच्या दिवस' म्हणतेस, आई."

"अगं, पण..."

"मला भीती वाटत नाहीये." ती थेट केओनीकडे बघून बोलते आहे. "मी भात वाढीन. भांडी घासीन. पण हा नाच टूटूचा नाही, तुमचाही नाही, डॅड. टूटू इथे बसली असती तर तुम्ही मला तो घागरा घालायला दिला असता?"

केओनीचा हात सीडीच्या बटणावरून खाली येतो. तो आपल्या फुलांच्या शर्टाकडे बघतो. सीमाकाकू चमचा खाली ठेवतात.

"हे मनापासून म्हणतेयस?" आसावरी विचारते. रागानं नाही. तिला खरंच कळून घ्यायचं आहे. "का हिमानी आलीये म्हणून? खरं सांग, प्रीता."

प्रीता तोंड उघडते आणि मिटते. होते तेवढे शब्द तिनं वापरून टाकले आहेत. आता आसावरी क्षणभर थांबेल आणि मग घागरा आणायला आत जाईल. मी या लोकांना ओळखते. गप्प राहणाऱ्याचा होकारच धरतात.

माझ्या पोटाची जखम अजून पुरती भरलेली नाही. त्या गोंदाचा वास मला अजून येतो. तुम्हाला मला एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या घरात भिंतीवर कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर झाडू उचलण्याआधी जरा...

ठक, ठक.

ऐकलंत? माझ्या लाकडावर तिचं बोट वाजलं. ती मलाच बोलावते आहे, सगळ्यांच्या देखत. मला भोकापाशी जायला हवं. ती आत्ता जे बोलली ते... चुक चुक चुक.