अर्धा ठोका आधी

नवनीतचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. नवनीत लोणखेड्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. पाच वर्षांपूर्वी नोकरीला आला आणि आल्या आल्या गुलाबसिंगवर मालकी सांगायला लागला. मला म्हणतो, "हेमराजभाऊ, हा माणूस ब्लूज वाजवतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. कापसाच्या शेतात राबता राबता जन्मलेलं." अरे, कापूस मी लावतो! गुलाबसिंग खापर गावचा माणूस. सुरतेहून जुनी गिटार घेऊन आला आणि स्वतःच्या डोक्याने शिकला. त्याला अमेरिकेचं शेपूट कशाला?

गुलाबसिंग लग्नाच्या गाडीवर वाजवतो. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, एक कॅसिओवाला, एक पॅडवाला, दोन ढोल, आणि कडेला हा, काटकुळा, पांढरी टोपी घातलेला. बाकीचे पोरांना नाचवतात. मग मध्येच हा डावा हात वर करतो, सगळे थांबतात आणि एकटी गिटार सुरू होते. तो तार बोटाने वर ढकलतो, सूर चढत जातो, आणि नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहतात. मी पोलीसपाटलाला रडताना पाहिलंय. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यात बायकोलासुद्धा चांगलं म्हटलं नाही, तो गाडीला हात लावून पाया पडताना पाहिलाय. मोबाईलमध्ये घेतलं तर सूर सापडतात, हे सापडत नाही. त्याला समोर उभं राहूनच ऐकावं लागतं.

आणि समोर म्हणजे कुठे, ते मला विचारा. गिटारच्या बरोब्बर खाली, चाकाशेजारी. सव्वीस वर्षांत एकशे चौदा लग्नांत मी तिथे उभा राहिलोय. त्यातल्या दहा घरांनीसुद्धा मला पत्रिका दिली नव्हती. मोटरसायकल काढायची, दीड तास जायचं, मांडवात कुणी विचारलं तर "नवरदेवाकडचा" म्हणायचं. त्याचं एकूण एक वळण मला पाठ आहे. तार चढणार त्याच्या अर्धा ठोका आधी मी ओरडतो, "आऽऽता!" आणि तार चढते! सगळा मांडव गाडीकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहतो. मला नेहमी वाटायचं, तो माझ्या हाकेची वाट बघतो. त्याने माझ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, पण मोठी माणसं अशीच असतात, अशी मी समजूत घातली होती.

नवनीत मात्र थापा मारायचा. "परवा तळोद्याला काय वाजवलं! चाळीस मिनिटं, आणि एकही जागा पुन्हा नाही. तुम्ही पाहिजे होतात." मी म्हणायचो, मी असताना तर असं कधी वाजलं नाही. तो खांदे उडवायचा. उंटावरचा शहाणा.

तर माझी मुलगी मयूरी हिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, नंदुरबारला नोकरी. मुलाकडच्यांना मे महिना हवा होता, आणि मयूरीलाही. पण गुलाबसिंग आता साठीला आला, वर्षाला वीस तारखा घेतो. मी गाडीच्या व्यवस्थापकाला, म्हणजे त्या कॅसिओवाल्या दिनेशला फोन केला. अकरा फेब्रुवारी एवढीच मोकळी होती. मी ती धरली आणि मग गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी पंचांग मागून पुढून चाळलं आणि बारा तारखेचं लग्न, अकराची हळद बसवून दिली. आमच्याकडे आता असंच चालतं, आधी गाडीची तारीख, मग ग्रहांची.

मयूरी बी.एड. करत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, मन्हा पेपर चवदा तारखेपासून शेत. मे महिनामा करा ना."

"मे महिनामा गुलाबसिंग नही."

"लगीन मन्हं शे का गुलाबसिंगनं?"

"पेपर पुढला वरीसले बी येतीन," मी म्हणालो. "तो साठ वरीसना व्हयी गया. पुढला वरीसले तो वाजाडी का नही, कोणले माहीत?"

हे मी बोललो. ते चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. लोकांच्या दारात सव्वीस वर्षं फुकट उभा राहिलेला माणूस मी. एकदा, फक्त एकदा, ती गाडी माझ्या दारात यावी आणि मी यजमान म्हणून चाकाशेजारी उभा राहावं, एवढंच मला हवं होतं. मयूरीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. चहा द्यायची, पण कप टेबलावर ठेवून निघून जायची. माझी बायको कामिनी म्हणाली, "पोरनं मन मोडाई गयं." मी म्हणालो, गिटार ऐकली की जुळेल.

अकरा तारखेला दुपारी चार वाजता गाडी आली. अंगणात मांडव, मांडवात पाटावर मयूरी, भोवती सवाष्णी. आमच्या घरात सवाष्णींची हळद झाली की शेवटी बाप लावतो. नवनीतला मी मुद्दाम पत्रिका दिली होती, जळावा म्हणून. मी नवा सदरा घालून चाकाशेजारी जाऊन उभा राहिलो.

गुलाबसिंग गाडीवर चढला. वायर लावली, दोन तारा छेडून पाहिल्या आणि खाली नजर टाकली. मला पाहिलं. गिटार गळ्यातून काढून ठेवली आणि दिनेशच्या कानाशी लागला. दिनेश उतरून माझ्याकडे आला.

"हेमराजभाऊ, दादा सांगी ऱ्हायना, जरा मांगे व्हा."

"मन्ही जागा हाईच शे," मी हसून म्हणालो.

"मांगे म्हंजे..." दिनेशने मान खाली घातली. "घरमा जा, सांगस."

मला वाटलं, चेष्टा आहे. तेवढ्यात गुलाबसिंग स्वतःच उतरला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर उभा राहिला. मी वाकून पायाला हात लावणार, तर तो एक पाऊल मागे सरला.

"भाऊ, पोर तुन्ही शे हाई माले माहीत नव्हतं," तो म्हणाला. "वहीमा नाव व्हतं, तोंड नव्हतं. माहीत ऱ्हातं तर मी तारीखच देतू नही."

"मी काय करं, दादा?"

"मी जे वाजाडाव, ते तू आधी बोंबलस. अर्धा ठोका आधी! तू बोंबलना की मन्हा हातमा जे नवं येल ऱ्हास, ते पळी जास. मंग तेच जुनं वाजाडस आन् मोकळा व्हस. सव्वीस वरीस, भाऊ. गाडीवरला पोरं तुले घाईवाला म्हनतस. मांडवमा तू दिसना की मन्हं पोट दुखाले लागस."

तो मोठ्याने बोलला नाही, पण सवाष्णींनी ऐकलं, सोयऱ्यांनी ऐकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या अंगणात, माझ्या मांडवात, मला? आणि त्या आगीच्या खाली दुसरंच काहीतरी थंडगार होतं, कारण तो खोटं बोलत नव्हता. नवनीतच्या थापा थापा नव्हत्या. मी जिथे जिथे उभा राहिलो, तिथे तिथे मी एकच गाणं ऐकलं होतं, आणि ते मीच एकच करून ठेवलं होतं.

माझा मेहुणा भिला पुढे आला. तो गरम डोक्याचा माणूस. "वाजाडणारा माणूस यजमानले घरमा घालस? काढा रे ती गाडी! शहादाहून दुसरी बलावतस!" चार जण त्याच्या मागे उभे राहिले. गुलाबसिंग गाडीकडे वळला. तो वर चढला आणि वायर गुंडाळायला लागला. त्याला धमकीचं काही नव्हतं, त्याला फक्त जायचं होतं.

कामिनी माझ्याजवळ आली. एवढ्या वर्षांत माझ्या या नादाला तिने शिव्याच घातल्या, पण त्या क्षणी ती माझ्या बाजूने होती. "जाऊ द्या त्याले," ती म्हणाली. "आपलाच ढोल लावू. तुमनी पोरनी हळद शे, तुम्ही आठेच, मांडवमाच उभा ऱ्हा." मी मयूरीकडे पाहिलं. ती पाटावरून माझ्याकडेच बघत होती, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी राग नव्हता. बापाचा अपमान झालेला तिला सहन झाला नव्हता. मी गुलाबसिंगला फक्त "निघ" म्हणायचं होतं. सगळा मांडव माझा झाला असता.

"नही," मी म्हणालो. "गाडी काढू नका. मी जास घरमा."

भिला थुंकला. कामिनीने पदर तोंडाला लावला. मी पायरी चढताना मागे वळून पाहिलं तर चाकाशेजारी नवनीत जाऊन उभा राहिला होता. कुणीतरी उभं राहणारच होतं, कबूल. पण तोच का?

मागच्या खोलीत खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी असतात. मी दार लोटून गोणीवर बसलो. बाहेर आधी नेहमीचं नाचाचं सुरू झालं, ढोल, पॅड, पोरांच्या शिट्ट्या. मग सगळं थांबलं. त्याने हात वर केला असणार. एकटी गिटार आली.

सुरुवात पाठ होती. ती जागा जवळ आली तसं माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी सदऱ्याची बाही दातांत धरली. तार चढलीच नाही. ती खाली गेली, आणखी खाली, आणि तिथे थांबून राहिली, एवढी की मला वाटलं वीज गेली. मग कुठून तरी बाजूने वर आली आणि मी कधी न ऐकलेल्या वाटेने निघाली. त्या वाटेवर एकही ओळखीचं झाड नव्हतं. मी गोणीवर बसून रडलो. सुखाने रडलो आणि संतापानेही. हे त्याच्याजवळ होतं! हे तो तळोद्याला देत होता, खापरला देत होता, त्या नवनीतला देत होता, आणि मला एकशे चौदा वेळा उष्टं देत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला. आणि त्याने थांबू नये, कधीच थांबू नये, असंही वाटलं.

किती वेळ गेला, माहीत नाही. दार उघडलं. मयूरी होती. तोंडाला, हातांना, मानेला हळद, हातात हळदीची वाटी. हळदीची नवरी अशी पाटावरून उठून येत नाही. ती आली होती.

"पप्पा, चला. सगळासनी हळद लाई झायी. तुम्हीच बाकी शेत."

"मी उनू तर तो बंद करी," मी हळूच म्हणालो.

"मी सांगस त्याले, पाच मिनिट थांब म्हणीसन."

"नको! थांबाडू नको त्याले."

ती आत आली आणि गोण्यांच्या मधोमध माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. वाटी माझ्यापुढे धरली.

"मंग आठेच लावा," ती म्हणाली. "पप्पा, माले सांगानं शे तुमले..."

बाहेर सूर चढायला लागला होता, अगदी सावकाश, आणि तो आता कुठे वळेल ते मला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे न पाहता हात वर केला.

"गप!" मी म्हणालो.

वाटी माझ्यासमोरून मागे गेली. ती उठली तेव्हा बांगड्या वाजल्या, आणि त्यांचाही मला राग आला. तिने दार ओढून घेतलं. बाहेरून कडी घातल्याचं मी ऐकलं. गिटार अजून वर जात होती, म्हणून मी दार वाजवलं नाही.