पाणीवाले उंदीर

प्रयोगशाळेतल्या तपासनिसाला दिवसभर बोलायला पिंजऱ्यातले उंदीर होते, आणि संध्याकाळी ताई.

ताई त्याची थोरली बहीण, लांबच्या शहरात राहणारी. तपासनिसाची बायको गेल्यापासून ताईचा फोन वर्षातून एखादा यायचा, तोही चुकून लागल्यासारखा. पण गुडघेदुखीवर कुणीतरी तिला एक रानपाला उकळून प्यायला सांगितला, आणि नेमका तोच पाला अंगाला बाधतो का हे पाहायचं काम भावाकडे आलं. तेव्हापासून रोज फोन. उंदीर बरे आहेत ना, एवढंच विचारायची. तू कसा आहेस, हे नाही.

डावीकडच्या उंदरांना पाल्याचा काढा, उजवीकडच्यांना नुसतं पाणी. बाकी खाणं अगदी सारखं. त्याशिवाय तुलना कशी करणार? पण दुपारी डबा उघडला की तपासनिसाला पाणीवाल्यांची कीव यायची. बिचाऱ्यांच्या वाट्याला काढासुद्धा नाही. मग लोणी लावलेला ब्रेड, अर्धं बिस्किट, कधी केकचा कोपरा. तेवढीच जेवायला सोबत.

शेवटी वजनं झाली, रक्त तपासलं. काढेवाले टुणटुणीत. पाणीवाले गोल गरगरीत, साखर वाढलेली, कूस बदलायचाही कंटाळा. प्रयोगशाळेचे साहेब हरखले. पाला निर्धोक तर आहेच, वर साखरेवर रामबाण. पाण्याचं मात्र काही खरं दिसत नाही, म्हणाले, आणि हातातला पेला जरा लांब ठेवला.

त्या संध्याकाळी ताई खुशीत होती. "पास झाला ना पाला? उद्यापासून घेते. सुटलास बाबा, आता रोज छळणार नाही तुला."

ती पाला घेणार, आणि फोनही बंद होणार. तपासनीस धास्तावला. दोन्हींमुळे.

"नको घेऊस ताई. पाणीवाल्यांना मी माझा डबा भरवलाय. तुलनाच बिघडली सगळी."

"का पण?"

"जेवायला कुणी नव्हतं."

ताईने फोन ठेवला.

सकाळी त्याने साहेबांनाही सांगितलं. साहेबांनी त्याला फैलावर घेतलं. लाडावलेले उंदीर गेले, नवे आले, चाचणी पहिल्यापासून सुरू. तपासनिसाचा डबा कायमचा खोलीबाहेर.

दुपारी तो बोळात स्टुलावर बसला. बंद दारामागे सगळं गप्प. नव्या उंदरांना डब्याच्या झाकणाचा आवाज ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात, भलत्याच वेळी, फोन वाजला.

"डबा उघडलास?" ताईने विचारलं.

"हो."

"कुणाला देऊ नकोस. आणि फोन ठेवू नकोस, मीही ताट घेतलंय."

मग दोघंही जेवत राहिली.