न आलेला वास

रत्नाबाईंच्या थोरल्या बहिणीचा पाय मोडला आणि तिच्या मदतीला त्या आनेकलला गेल्या. मग राजाजीनगरच्या घरात दिवसभर दोघंच उरले, विश्वासराव आणि त्यांचा आठ महिन्यांचा नातू तनय. मुलगा अभिराज सकाळीच होसकोट्याच्या कारखान्यात जायचा. सून यशश्री मूळची पुण्याची. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच ऑफिसला जायला लागली होती.

निघताना रत्नाबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "यशश्रीला तेवढं सांगून टाका."

"सांगतो."

"आजच सांगा."

"सरी, सरी," त्यांनी कानडीत होकार भरला. "सांगतो म्हटलं ना. तू अक्कांचं बघ."

सांगायचं होतं ते एवढंच, की विश्वासरावांना वास येत नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला आणि उतरला, पण गेलेला वास काही परतला नाही. दुसऱ्या कुणी चारचौघांत सांगून मोकळं झालं असतं. विश्वासरावांनी मात्र उभा जन्म उदबत्तीच्या कारखान्यात सुगंधाची मिश्रणं करण्यात घालवला होता. चंदनाच्या तेलात भेसळ असली, की बाटलीचं बूच काढताक्षणी त्यांना कळायचं. गल्लीत त्यांना सगळे नाकवाले अण्णा म्हणत. गुडघे दुखतात असं सांगून त्यांनी काम सोडलं. खरं कारण एकट्या रत्नाबाईंना ठाऊक होतं.

त्या दिवशी यशश्री दमून आली, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अभिराज समोर होता. नंतर नंतर तर त्यांना वाटायला लागलं, की आपलं चाललंय की व्यवस्थित.

आणि चाललंही होतं. तनय त्यांच्या मांडीवर खेळायचा, त्यांच्या चष्म्याशी झटापट करायचा, त्यांच्या हातून मऊ भात खायचा. डायपर ओलं झालं की त्यावरच्या पट्टीचा रंग बदले, ते त्यांना दिसे. शी झाल्याचं मात्र कळत नसे. तनय पोर शांत, त्या घाणीतही खुशाल खेळत बसायचा. पूर्वी रत्नाबाई लांबूनच म्हणत, "अहो, बाळाचं बघा." आता तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

एके दुपारी तनय पालथा झोपला. विश्वासरावांनी त्याच्यावर पातळ दुपटं घातलं आणि शेजारीच लवंडले. तो उठल्यावर डायपर काढलं, तर शी केव्हाच सुकून कातडीला चिकटली होती. त्यांनी सुगंधी ओल्या रुमालांनी घासून घासून ती काढली. तनयनं आकांत मांडला. मांड्यांच्या सांध्यात लालभडक दिसत होतं. विश्वासरावांनी वर पावडर टाकली आणि नवं डायपर घट्ट बांधलं.

दोन दिवसांत तो लालपणा पसरला. त्याच्या कडेनं बारीक बारीक पुरळ उठलं. यशश्रीनं संध्याकाळी डायपर उघडलं आणि ती घाबरलीच. "अण्णा, हे कधीपासून?"

"स्वल्प लाल दिसलं होतं परवा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून तनयला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. विश्वासरावही बरोबर होते. बाईंनी उजेडात नीट पाहिलं. "साध्या रॅशवर बुरशी धरलीय. बरं होईल. हे मलम दोनदा पातळ लावा, आणि त्यावर झिंकच्या मलमाचा जाड थर. ओले रुमाल नकोत, कोमट पाणी आणि कापूस घ्या. घासायचं नाही, टिपायचं. पावडर अजिबात नको. आणि दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा." मग त्यांनी विचारलं, "शी झाल्यावर डायपर किती वेळ तसंच राहतं?"

"राहतच नाही, डॉक्टर," यशश्री म्हणाली. "माझे सासरे दिवसभर त्याच्याजवळ असतात. त्यांचं नाक इतकं तीक्ष्ण आहे, की घरात आमटी लागायच्या आधी त्यांना कळतं."

बाईंनी विश्वासरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"मग खायला काही नवीन सुरू केलंय?"

यशश्रीचा चेहरा उतरला. ऑफिस सुरू व्हायच्या आत त्याला वरच्या खाण्याची सवय लागावी, म्हणून तिनं वरणात टोमॅटो घालायला सुरुवात केली होती, संत्र्याचा रसही दिला होता. "आंबट थोडे दिवस थांबवून बघा," बाई म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या, पण यशश्रीनं घरी आल्यावर सगळंच थांबवलं. अंगावरचं दूध आणि भाताची पेज, बस्स.

त्या दिवसापासून विश्वासराव तनयला घटकाभरही डोळ्याआड होऊ देईनात. नाकावर विसंबायचं नाही, उघडून बघायचं. तनय कंटाळून लाथा झाडायचा तरी ते बघायचे. कोमट पाण्यानं धुवायचे, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं टिपायचे आणि वारा लागावा म्हणून उघडंच लोळू द्यायचे. सतरंजी भिजली तर भिजली. पुरळ मावळत गेलं. तो लाल रंग फिकट व्हायला लागला, तसं विश्वासरावांच्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उलट ते वाढलं.

कारण यशश्री आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. "खाणं बंद केलं आणि लगेच फरक पडला, आई. माझ्याच घाईनं झालं सगळं. ऑफिसच्या नादात मी त्याच्या पोटात काहीबाही ढकललं. मी वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज टाकलाय." तिचा आवाज चिरकला. जेवताना तनय आजोबांच्या ताटाकडे हात पसरून तोंड उघडायचा, आणि यशश्री त्याचं तोंड हळूच दुसरीकडे वळवायची.

शनिवारी सकाळी ती तनयला आंघोळ घालून मलम लावत होती. अभिराज भाजी आणायला गेला होता. विश्वासराव समोर येऊन बसले.

"यशश्री, ते टोमॅटोनं झालेलं नाही."

"असू दे अण्णा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"मला वास येत नाही."

ती हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "म्हणजे?"

"कसलाच येत नाही. करोनापासून. त्यानं शी केलेली मला कळत नव्हती. कितीदा तरी तो तसाच पडून राहिला असेल. आता मी दर घडीला उघडून बघतो, म्हणून बरं झालं."

यशश्रीचं बोट मलमाच्या डबीत तसंच राहिलं. "डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत."

"हो."

"मी तुमची बाजू घेऊन बोलत होते, अण्णा."

तिनं तनयला उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

विश्वासराव चपला घालून तडक दवाखान्यात गेले. माणसं समोर बसलेली असतानाच त्यांनी बाईंना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. खाणं पुन्हा सुरू करा, एका वेळी एकच नवा पदार्थ द्या, असं बाई म्हणाल्या. आणि नाक एकदा कुणाला तरी दाखवा, असंही त्यांनी सांगितलं.

ते परतले तेव्हा यशश्री स्वयंपाकघरात होती. डोळे सुजलेले. त्यांनी उंबऱ्यातूनच निरोप सांगितला.

"वर्षाची रजा रद्द करते," ती म्हणाली. "पण महिनाभर मी घरूनच काम करणार आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे." मग तीच पुढे म्हणाली, "म्हणजे, थोडं म्हणूनही."

"बरोबर आहे तुझं."

तिनं वरणभात कालवून वाटी त्यांच्या हातात दिली. "भरवा. मी इथेच बसते."

तनयनं पहिला घास असा ओढून घेतला, की चमचा सोडेना. वाटी संपत आली तेव्हा विश्वासरावांनी त्याला आडवं केलं, डायपरची कड सरकवली आणि आत पाहिलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

यशश्री उठून आली आणि वाकून तिनं स्वतः पाहिलं. विश्वासरावांना ते लागलं. लागू दे, असंही वाटलं. तिला नीट दिसावं म्हणून ते थोडे बाजूला सरकले.