मृत सदस्य हजर

अम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पालिकेच्या गटविम्यात अब्बा गेल्यावरही वर्षअखेरपर्यंत तिचं नाव होतं. मंजुरी आली नाही, तर तसंच चाचपडत काळेवाडीला परत.

अम्मीने पर्समधून विम्याचं कार्ड काढलं. अब्बा गेल्यापासून ते तिच्या उशाखाली असे. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने त्यावरचा फोटो पाहिला, कॉम्प्युटरवरची नोंद पाहिली, मग आमच्यासोबत आलेल्या सोपानकाकांना पाहिलं.

"शफी तांबोळी? सर, तुम्ही तर वारलात."

"कवा?" काका दचकले.

मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं. ते आणि अब्बा पालिकेच्या पाणीपुरवठ्यात, व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर. हजेरीला एकमेकांच्या नावाने 'हजर' म्हणायची जुनी सवय. कार्डासाठी फोटोवाला आला, तेव्हा अब्बा फुटलेल्या लाइनच्या खड्ड्यात होते. काका आधी आपल्या नावाने बसले, मग अब्बांच्या.

"येगळा दिसावा म्हणून टोपी काढली व्हती," ते म्हणाले.

"पण मयत माणूस समोर उभा दिसतोय. मंजुरी कशी देऊ?" मुलगी अम्मीकडे वळली. "मावशी, हे तुमचे मिस्टर का?"

अम्मीला फक्त एक धुरकट आकार दिसत असणार. "माझा नवरा असता, तर कोपऱ्यातला तो नळ एवढा वेळ टपटपू दिला असता का?"

नेमके तेव्हाच काका नळाकडे गेले. "मघापासून डोकं उठवलंय ह्यानं," म्हणत त्यांनी नळ आवळला.

"बघा!" मुलगी म्हणाली.

"अगं, सगळी गँगच तसली," अम्मी म्हणाली. आणि एकदम थबकली. "म्हणजे रोज रात्री कार्ड हातात घेऊन मी सोपानरावांशी बोलत होते?"

काकांचे कान लाल झाले. "काय बोलत व्हता, भाभी?"

"शिव्या देत होते. नळाला पाणी कमी येतंय म्हणून."

"मग योग्य माणसाला पोचल्या."

मी फोनमधला फोटो पुढे केला. कमरेइतक्या खड्ड्यात अब्बा, गालावर चिखल. काठावर सोपानकाका, टोपीसकट. मुलीने दोघांना नीट न्याहाळलं आणि फोटो, मृत्यूचा दाखला वरच्या साहेबांना पाठवला. आमचा चहा होईपर्यंत मंजुरी आली.

"कार्डावरचा फोटो बदलता येईल?" मी विचारलं.

"आता? सदस्य तर..."

"उद्या अम्मीची पट्टी सुटेल."

मुलीने माझ्या फोनकडे पुन्हा पाहिलं. "चिखल पुसलेला एखादा नाही का?"

"नको," अम्मी म्हणाली. "ओळखू यायला हवेत."