सिगारेटपुरती उसंत

मित्रांनो, कपडे धुण्याच्या कारखान्यामागे, तुटक्या पायाखाली विटा लावलेला जो बाक दिसतो, तो मीच. माझं वय विचारू नका. मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

एका म्हाताऱ्या सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवलं. सुरुवातीला मी पुढच्या दाराशी होतो. मोठी गिऱ्हाइकं बसायची, "मजबूत आहे हो" म्हणायची, आणि मी फुशारून जायचो. मग पाय मोडला आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. खरी दमलेली माणसं मी तिथेच पाहिली.

आत इस्त्रीच्या खोलीत बायका दिवसभर उभ्या असायच्या. बसायची सक्त मनाई. सिगारेट ओढणारीला मात्र ती संपेपर्यंत बाहेर जायची मुभा होती, कारण आत कपड्यांना आग लागायची भीती. मग काय, बायका सिगारेट ओढायला शिकल्या. पाठ टेकायला दुसरी वाटच नव्हती.

तिथे दोघी बहिणी कामाला होत्या. थोरलीचे पाय सुजायचे. कुणीतरी तिला म्हणालं, "हातात एक धर, मग कोणी हाकलत नाही." असं तिचं सुरू झालं. पुढे सिगारेट काही केल्या सुटेना. जिना चढताना तिला धाप लागायची. फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं.

वस्तीच्या दवाखान्यातली नर्सबाई तेव्हा इथे येऊ लागली. तिने कधी नाक मुरडलं नाही. माझ्यावर थोरलीशेजारी बसून ती म्हणाली, "तलफ आली की मला फोन कर. काहीही बोलू. भाजीच्या भावावर भांडू हवं तर."

थोरली हसली. मग म्हणाली, "लेक मोठी होईपर्यंत मला राहायचंय, बाई."

फार जड गेलं तिला. चिडली, रडली, धाकटीशी अबोला धरला. पण सोडली. धाकटीलाही तीच सवय लागली होती; तिनेही ताईच्या जोडीने सोडली. मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी थोरली पाण्याचा पेला घेऊन माझ्यावर येऊन बसली. मागोमाग मुकादम आला.

"सोडलीस ना? मग इथे काय काम?"

माणूस दुष्ट नव्हता, नियमाला चिकटलेला होता. थोरली उठून आत गेली.

पुढे एका दुपारी ती पुन्हा आली. हातात पेटलेली सिगारेट. धाकटी धावत बाहेर आली. "ताई, हे काय गं?"

"ओढत नाहीये. नुसती धरलीये. पाय मोडून आलेत गं."

आणि खरंच तिने ती हातातच जळू दिली. पुढचे काही दिवस हेच चाललं. पण धूर नाकाशी असताना माणसाने किती तग धरायचा? एकदा तिने ती ओठांना लावली आणि ओक्साबोक्शी रडली. मी जवळ होतो, पण तिच्या पाठीला टेकू देण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

नर्सबाईला हे कळलं तेव्हा ती तडक मालकाकडे गेली. "सिगारेट असो नसो, बायकांना बसू द्या," म्हणाली. मालक म्हणाले, बघू. त्यांचं बघून होईपर्यंत थोरलीला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही.

त्यानंतर परवानगी मिळाली.

धाकटी पहिल्यांदा नुसती बसायला आली, तेव्हा नर्सबाई शेजारी होती. "मी आधी हेच मागायला हवं होतं," नर्सबाई म्हणाली.

"ताईला एवढंच हवं होतं, बाई," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, मला नवा पाय नको, रंगाचा हातही नको. तुमच्या ओळखीची एखादी बाई सिगारेट सोडायला धडपडत असेल, तर तिला उपदेश करू नका. तिच्या हातातलं काम घ्या, तिला बसवा. आणि ती का बसली आहे, असं तिला कुणी विचारणार नाही, एवढं बघा.