ओडेसाबाईंची चव

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे आणि मला वास मारतो, हे मला ठाऊक आहे. माझं सगळं आयुष्य अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात गेलं, तळ्यात वाढवलेले मासे कापून विकणाऱ्या एका कंपनीत. पॉपकॉर्न मी कधी फोडलेच नाहीत. माशाचा शेपटीकडचा तुकडा, मीठसुद्धा न लावता, माझ्यात शिजवायचा आणि कंपनीत चव पारखणाऱ्या ओडेसाबाईंनी तो हुंगून चाखायचा. त्या "हो" म्हणाल्या तरच तळ्यात जाळं पडायचं. "नाही" म्हणाल्या की पाणी सुधारेपर्यंत थांबायचं. कंपनीचे मालक थोरले साहेब, त्यांच्या स्वतःच्या तळ्यातला मासाही त्यांनी दोनदा परत पाठवला. साहेब हसत बादली उचलून निघून गेले. काय मान होता आमचा!

मग परदेशातून स्वस्त मासा यायला लागला आणि गिऱ्हाईक भावावर अडून बसलं. थोरले साहेब वारल्यावर त्यांच्या मुलाने, हॉलिसने, एकेका तळ्यात दुप्पट मासे कोंबले. उरलेलं खाद्य कुजलं, पाण्यावर हिरवी साय आली, माशांच्या अंगावर फोड उठले.

एका मंगळवारी त्यातला मासा माझ्यात शिजला. दार उघडलं आणि खोलीभर घाण सुटली, तुंबलेल्या गटारासारखी. मलाच शिसारी आली! बाईंनी घास तोंडात घातला आणि लगेच थुंकला.

"शी! हॉलिस, हे मी कुत्र्यालासुद्धा घालणार नाही."

"अहो ओडेसाबाई, ट्रक दारात उभा आहे. शाळांची ऑर्डर आहे. आज माल नाही दिला तर उद्यापासून ते बाहेरचा घेतील. मसाल्यात तळला की पोरांना काय कळतंय?"

बाई त्याला तो रांगत होता तेव्हापासून ओळखत होत्या. त्यांनी बशी त्याच्यापुढे सरकवली. "पोरांना चालतं ना? मग आधी तू खा."

हॉलिसने घड्याळाकडे पाहिलं. "माझं आत्ताच जेवण झालंय."

सकाळचे नऊ वाजले होते.

ट्रक तोच मासा भरून गेला. बाईंनी ॲप्रन काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि त्या गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. आता कागदावर "हो" हॉलिसच लिहितो. चाखत कुणीच नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. फक्त मासा घेताना विकणाऱ्याला एक विचारा, हा तुझ्या घरी शिजतो का?

हॉलिस रोज दुपारी स्वतःचा डबा माझ्यातच गरम करतो. आठ महिने झाले. रोज कोंबडीच असते.