सातव्या माशाचा आकडा

सिंकमध्ये उभी केलेली ताटली घसरली आणि खणकन वाजली. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. भिंगरीने कूस बदलली, गादीवर एक लाथ मारली आणि पुन्हा झोपली. लेक पाच वर्षांची झालीय, दुपारची झोप सुटत चाललीय. तिची झोप ती माझी कामाची वेळ, आणि घरातली भांडीसुद्धा तेवढ्यातच वैर साधतात.

उद्या सकाळी संशोधनाचा पेपर मासिकाकडे पाठवायचा होता. तो छापायला घेतला तर प्रयोगशाळेतली माझी नेमणूक आणखी वर्षभर चालू. नाही तर माझ्या टेबलावर दुसरं कुणी.

पेपर माशांवरचा. हे मासे अंगातून अगदी हलकी वीज सोडतात. पाण्यात दोन तारा बुडवून स्पीकरला जोडल्या की त्यांची गुणगुण ऐकू येते. त्यांच्यात नर दोन तऱ्हेचे. काहींचे दात ओठांबाहेर आलेले, सदा भांडणाला उभे. बाकीचे थेट माद्यांसारखे, ना दात ना रुबाब. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे एक दातवाले आणि एक बोळके! मी कुठल्यात गं?"

"तुला ओळखायला तारा लागत नाहीत. घोरणं पुरतं."

बोळक्यांना दात येत नाहीत ते नराचं हॉर्मोन कमी म्हणून, की आणखी कशामुळे, एवढंच मला शोधायचं होतं. एकेक मासा तासभर स्वच्छ पाण्याच्या बीकरमध्ये ठेवायचा. त्याच्या अंगातलं हॉर्मोन पाण्यात उतरतं, ते मोजायचं. मग मासा कापून तो नरच होता याची खात्री करायची. सहा बोळक्यांचे आकडे तळाला निघाले. सातव्याचा मात्र दातवाल्यांच्याही वर! हॉर्मोन भरपूर आणि तोंड बोळकंच, म्हणजे कारण दुसरंच. प्रयोगशाळेचे आमचे सर आनंदाने खुर्चीतून उठलेच होते. "या एका माशावर तुझा पेपर उभा आहे," म्हणाले.

शेवटचं एकदा आकडे ताडून बघावेत म्हणून वही उघडली. आमच्याकडे प्रत्येक बीकरपुढे हातमोज्यांचा रकाना असतो. नवे मोजे घातले की खूण करायची. माणसाच्या कातडीवरही तसलं हॉर्मोन असतं. उघडं बोट लागलं की पाणी बाटलंच.

सातव्यापुढचा रकाना रिकामा. शेजारी माझंच घाईचं अक्षर: ‘११.४०. पाळणाघराचा फोन. ताप.’

मग सगळं आठवलं. फोन घ्यायला उजवा मोजा ओरबाडून काढला होता. बाई म्हणत होत्या, पोर फणफणलीय, लवकर या. फोन खांद्याने कानाशी दाबून मी मासा बीकरमध्ये सोडत होते, आणि त्याची शेपटी जाळीत अडकली. ती मी बोटांनी सोडवली होती. उघड्या, घामेजल्या बोटांनी.

म्हणजे तो आकडा माशाचा नव्हताच कदाचित. माझाच होता. आणि पुन्हा मोजायला मासा कुठे उरलाय!

पेन हातातच होतं. एक बारीकशी खूण, कुणाला कळलं असतं? मी पेन आपटलं आणि सरांना फोन लावला.

"अगं, एका बोटानं काय होतंय?" सर म्हणाले.

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत, सर, काय होतं ते."

"सांगताना आपण सगळंच सांगतो." ते पुटपुटले. "सातवा काढलास तर उरतं काय? सहा मासे, आणि सगळ्यांना वाटत होतं तेच. पुढच्या वर्षाचं मग माझ्या हातात नाही, बघ."

"माहीत आहे, सर. पण त्या दिवशी मुलीला ताप होता, माझं लक्ष नव्हतं. तिच्या तापापायी सगळं वाया गेलं." आवाज चढला होता माझा. चढू नये म्हणून दात आवळले तरी चढला.

"काय करायचं ते तूच ठरव," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी लॅपटॉपवरच्या तक्त्यातली सातवी ओळ निवडली आणि पुसली. दीड वर्षाची मेहनत, एका बटणाचं काम. आलेखातला वरचा ठिपका गेला. खाली सहा शहाण्यासारखे ओळीत बसून राहिले. इतका संताप आला, आणि काढायचा कुणावर? फोन करणाऱ्या बाईंवर? जाळीवर? पोर तापली असताना कुठली आई मोजे शोधत बसते?

"आई."

भिंगरी दारात उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे. मी हात पुढे केले, पण ती नेहमीसारखी धावत आली नाही. चौकटीला रेलून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"मी आजारी पडले नसते," तिने विचारलं, "तर तुला आवडलं असतं का गं?"